ॲन्ड्रेनाची जात ठरवताना या चुका टाळा

जमिनीत बीळ दिसलं की ‘ॲन्ड्रेना’ (जमिनीत घर करणाऱ्या मधमाश्यांचा एक वंश) लिहून मोकळं व्हायचं, इथूनच घोळ सुरू होतो. जमिनीत घर करणाऱ्या माश्या अनेक कुलांत आहेत. ॲन्ड्रेना हा वंश मुख्यतः उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण भागांतला. भारतात तो प्रामुख्याने हिमालयात आणि उत्तरेकडे सापडतो. महाराष्ट्रात पायवाटेच्या कडेला बिळं करणाऱ्या छोट्या माश्या बहुधा हॅलिक्टिडी कुलातल्या निघतात.

म्हणून आधी कुल पक्कं करा. ॲन्ड्रेनिडीत प्रत्येक स्पर्शिकेच्या मुळाखाली दोन शिवणी (कवचावरच्या जोडरेषा) असतात, हॅलिक्टिडीत एकच. पुढच्या पंखातली बेसल (मुळाकडची) शीर हॅलिक्टिडीत चांगलीच कमानदार, ॲन्ड्रेनात जवळपास सरळ. मादीच्या डोळ्याच्या आतल्या कडेला मखमली केसांचा लांबट खोलगट पट्टा, म्हणजे फोव्हिया, दिसला की शंका उरत नाही. मग स्पर्शिकेचे भाग मोजा: मादीत १२, नरात १३. हे न मोजता नराला मादीच्या ‘की’मधून, म्हणजे लक्षणं जुळवत जात शोधायच्या तक्त्यातून, नेणारे पुष्कळ आहेत.

रंगावर विसंबणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ॲन्ड्रेना फल्वाची ताजी मादी वरून तांबूस-केशरी आणि खालून काळी असते, फोटोवरूनही ओळखू येते. पण बाकी वंश असा सोपा नाही. उन्हाने केस फिके पडतात, झडतात, आणि जुनी मादी भलत्याच जातीची वाटते.

त्यात पिढ्यांचा फरक. इंग्लिश कीटकशास्त्रज्ञ विल्यम कर्बीने १८०२ साली इंग्लंडमधल्या माश्यांवरच्या ग्रंथात मिन्युट्युला आणि पार्व्ह्युला अशा दोन वेगळ्या जाती नोंदवल्या. पुढे कळलं की पार्व्ह्युला ही मिन्युट्युलाचीच वसंतातली पिढी. वसंतातल्या नराच्या चेहऱ्यावर गडद केस, उन्हाळ्यातल्या नराच्या चेहऱ्यावर फिकट. कर्बीसारखा माणूस जिथे फसला, तिथे तारीख न पाहता केसांच्या रंगावरून जात ठरवणं हा निव्वळ उतावळेपणा आहे. या गटातल्या, म्हणजे मायक्रॲन्ड्रेना उपवंशातल्या, माश्या जेमतेम ५ ते ७ मिमीच्या, काळ्या. दहापटीच्या भिंगाने त्या सुटत नाहीत. ४० पट दाखवणारा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक हवा आणि दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर हवा, नाहीतर चकाकीमुळे पाठीवरचे ठिपके (बारीक खळगे) आणि त्यांमधली खरखरीत जागा वेगळी दिसतच नाही. मी ‘की’ उघडण्याआधी लेबलवरची तारीख वाचतो.

दुसरा सापळा स्टायलॉप्सचा. हा परजीवी माशीच्या पोटात वाढतो. त्याची मादी पोटाच्या दोन वलयांमधून तपकिरी, चपट्या खवल्यासारखी डोकावते. अशा माशीची लिंगलक्षणं सरमिसळ होतात. मादीचा पराग गोळा करणारा केसांचा झुबका विरळ होतो, फोव्हिया अरुंद होतो, आणि ज्या जातीत नराचा चेहरा पिवळा असतो तिथे मादीच्या चेहऱ्यावरही पिवळा डाग येऊ शकतो. अशा नमुन्यांवरून पूर्वी नव्या जातीसुद्धा जाहीर झाल्या. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ जाँ पेरेझने १८८६ मध्ये ॲन्ड्रेनावरच्या या परिणामांवर सविस्तर लिहिलं आहे. नमुना कीच्या दोन फांद्यांत अडकला की मी सगळ्यात आधी प्रत्येक वलयाची कड सुईने हलकेच उचलून पाहतो. परजीवी दिसला तर त्या नमुन्यावरून जात ठरवायची नाही.

पाण्याच्या सापळ्यातून काढलेली माशी तशीच टाचणीवर टोचू नका. चिकटलेले केस काही सांगत नाहीत. साबणाच्या पाण्यात हलवून धुवा, अल्कोहोलमधून काढा, गार हवेच्या झोताने फुलवा.

नराचं जननांग माशी ताजी असतानाच वाकड्या टोकाच्या सुईने बाहेर ओढून ठेवा. वाळल्यावर करायचं तर ओल्या टिपकागदाच्या बंद डबीत एक रात्र मऊ करावं लागतं, आणि घाई केली की पोटच तुटतं.

केवळ डीएनए बारकोडवर, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावर, जात लिहू नका. काही जवळच्या जाती त्याने वेगळ्या होत नाहीत.

जुनी पुस्तकं वाचताना नावं जुळवून घ्या. फल्वा जुन्या ब्रिटिश पुस्तकांत आर्माटा नावाने येते. जातीचं पहिलं वर्णन करणाऱ्याच्या नावाभोवतीचा कंसही गाळू नका: ‘ॲन्ड्रेना फल्वा (म्युलर, १७६६)’ यातला कंस सांगतो की मूळ वर्णन दुसऱ्या वंशात, एपिसमध्ये, झालं होतं. ‘ॲन्ड्रेना बायकलर फॅब्रिशियस, १७७५’ याला कंस नाही, कारण ती पहिल्यापासून ॲन्ड्रेनातच आहे.

आणि जात सुटलीच नाही तर लेबलवर उपवंशापर्यंतच लिहा, स्थळ, तारीख आणि फुलाचं नाव घाला, आणि नमुना जपून ठेवा.