पुस्तक स्वतः छापायचं का? आधी एक वही काढा

कथांचं नाहीतर कवितांचं बाड तयार झालंय, प्रकाशकांकडून उत्तर येईना, आणि आता आपणच छापावं असं मनात यायलंय, तर प्रेसला फोन करायच्या आधी एक शंभर पानी वही काढा. त्यात नावं लिहायची. "मित्रपरिवार", "गावातले लोक" असं नाही, पूर्ण नाव, गाव, मोबाईल नंबर, आणि पुढं हे माणूस पैसे देऊन घेईल का तशीच भेट मागेल ते. माझ्या वहीत २१४ नावं झाली होती, मग एकेका नावावर बोट ठेवून खरं खरं बघितलं तर पैसे देणारी ८६ राहिली. मी हा हिशोब पुस्तक छापून झाल्यावर केला, तुम्ही आधी करा. नावं शंभराच्या आत असतील तर डिजिटल प्रिंटवर तेवढ्याच काढा, एक प्रत महाग पडते पण गठ्ठे पडून राहत नाहीत आणि संपल्या की परत काढता येतात. तीनशे-चारशेच्या पुढं खात्रीची मागणी असेल तरच ऑफसेटचं, म्हणजे प्लेटा करून एकदम जास्त प्रती छापायचं, बोला.

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथं पहिल्या पुस्तकाचं हस्तलिखित पाठवता येतं. एकदा पुस्तक छापून झालं की हा रस्ता बंद, म्हणून हे आधी बघायचं. आपल्याकडच्या कितीतरी पोरापोरींना हे छापून झाल्यावर कळतं, फार जीव हळहळतो.

आता पैसे घेऊन छापून देणारे. माझं पहिलं पुस्तक असंच निघालं, ५०० प्रतींचे पैसे दिले, घरी १५० आल्या, बाकीच्या कुठं गेल्या, किती विकल्या, काहीच हिशोब मिळाला नाही, कारण कागदावर काही केलंच नव्हतं, सगळं फोनवर. म्हणून कुणी कितीही ओळखीचं असू द्या, लेखी घ्या: प्रती किती, घरी किती येणार, उरलेल्या कुणाच्या मालकीच्या, दुसरी आवृत्ती कोण काढणार, ई-बुक आणि अनुवादाचे हक्क कुणाकडं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लिहिलेलं आपोआप तुमचंच असतं, नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात. पण "कायमस्वरूपी सर्व हक्क" अशी ओळ बारीक अक्षरात असली तर ती खोडूनच सही करा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख नंबर, फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडं ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतः प्रकाशक म्हणूनही करू शकतो. नंबर ज्यानं काढला तोच कागदोपत्री प्रकाशक, हे ध्यानात असू द्या. तो आतल्या पानावर आणि मागच्या कव्हरवर छापावा लागतो म्हणून अर्ज लवकर टाका, कव्हर फायनल झाल्यावर पळापळ नको.

प्रूफाला, म्हणजे छापायच्या आधी तपासायला येणाऱ्या पानांना, मात्र वेळ द्या, सगळ्यात जास्त वेळ इथंच द्या. आपण मोबाईलवर नाहीतर लॅपटॉपवर युनिकोडात टाइप करतो, पानं जुळवून देणारे डीटीपीवाले बऱ्याचदा श्रीलिपी या वेगळ्या फॉन्टात घेतात, आणि फॉन्ट बदलताना अक्षरं फुटतात. माझ्या दुसऱ्या प्रूफात "दुसऱ्या", "वाऱ्यावर", "शेतकऱ्यांनी" हे सगळे "ऱ्य" मोडलेले होते, नुसता रफार होऊन बसला होता, पानापानावर. ते धरलं तोवर दुसरंच दिसलं. ज्यांनी प्रूफ तपासलं ते माणूस चांगलं होतं, पण आपल्या भागातलं नव्हतं, त्यांनी संवादातलं "काय करायलास रं" हे "काय करतो आहेस रे" करून टाकलं, आणि माझी परभणीकडची आजी एकदम शाळेतल्या बाईसारखी बोलायला लागली! तेव्हापासून मी प्रूफासोबत एक कागद जोडते, हे शब्द असेच ठेवायचे: यायलेत, जायलोय, म्हणलं, कामून, लई. तुम्हीपण जोडा. मराठवाड्याची बोली पुस्तकात आपणच नाही टिकवली तर कोण टिकवणार. शेवटचं प्रूफ कागदावर काढून दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या, आपल्याला आपली चूक दिसत नसते. आणि फायनल झाल्यावर डीटीपीवाल्याकडून युनिकोड फाईलपण मागून ठेवा, पुढं ई-बुक करायचं तर तीच लागते.

पानं १६ च्या हिशोबात धरा, डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या साइजला प्रेसवाले १६ पानांचा एक फॉर्म धरतात. माझं पुस्तक १३१ पानांवर गेलं, डीटीपीवाले भाऊ म्हणाले, "ताई, तीन पानांसाठी नववा फॉर्म लागायलाय." मग एका कथेतले दोन मोठे परिच्छेद काढले, अर्पणपत्रिका ऋणनिर्देशाच्या पानावर घेतली आणि १२८ वर बसवलं. काढताना जिवावर आलं होतं, पण ती कथा आता जास्त चांगली वाटते.

किंमत ठरवताना असं बघा, समजा एक प्रत ९० रुपयांत पडली आणि छापील किंमत २०० ठेवली. दुकानदारानं ४० टक्के घेतले तर हातात १२०, म्हणजे सुटले ३०, त्यातून गठ्ठा पाठवायचा खर्च, आणि पैसे विकल्यावर येणार. तीच प्रत वहीतल्या माणसाला थेट दिली तर जास्तीत जास्त टपालखर्च जातो. म्हणून पहिल्या प्रती वहीतल्या नावांना, मग संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातली, लातूर-नांदेडची दुकानं. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण प्रेसच्या बिलात तो असू शकतो, कोटेशन सगळं धरूनच मागा.

प्रकाशन पेरणीच्या दिवसांत ठेवू नका, सोयाबीन काढणीतपण नको, हॉल रिकामा राहतो. दिवाळीनंतर ते २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंतचा काळ बरा, कॉलेजांना तेव्हा कार्यक्रम हवेच असतात, मराठी विभागाला आधीच पत्र द्या. फ्लेक्स, शाल-श्रीफळ यावरचा खर्च कमी करून त्यात एक कथा पूर्ण वाचून दाखवा. दाराजवळ टेबल, त्यावर क्यूआर कोड, सुट्टे पैसे, आणि बसायला घरचं कुणीतरी, कारण लेखकानं स्वतः पैसे घ्यायला सगळ्यांनाच अवघड जातं.

व्हॉट्सअपवर नुसतं कव्हर टाकून भागत नाही, लोक अंगठा देतात आणि पुढं जातात. त्यापेक्षा दर आठवड्याला एक पान, नाहीतर आपल्या आवाजात दोन मिनिटांचा तुकडा, आणि खाली ऑर्डरचा नंबर. माझ्या निम्म्या प्रती अशा आवाजावर गेल्या. रविवारच्या पुरवण्यांना आणि मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान'ला दोन-दोन प्रती पाठवा. गावोगावच्या अनुदानित वाचनालयांत ग्रंथपालांना समक्ष भेटा, अनुदान कधी येतं ते विचारा, बिलबुक सोबत असू द्या, बिलाशिवाय त्यांना घेता येत नाही. उस्मानाबाद २०२०, उदगीर २०२२ अशी संमेलनं आपल्या दारात आली होती, परत जवळ आलं तर तीन-चार लेखकांनी मिळून एक गाळा घ्या.

१९५४ च्या कायद्यानं प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत आपल्या खर्चानं पाठवायची असते, स्वतः प्रकाशक झालात की हे तुमच्यावर आलं. २०२५ पासून पोस्टाची पुस्तकं स्वस्तात पाठवायची 'ज्ञान पोस्ट' सेवा सुरू झालीय, तुमचं पुस्तक त्यात बसतं का ते एक प्रत हातात घेऊन खिडकीवरच विचारा.

गठ्ठे यायच्या आधी जागा करून ठेवा. मी भिंतीला टेकवून ठेवले होते, श्रावणात ओल धरली आणि ४० प्रतींचे पुठ्ठे फुगले. लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, वाळवी बघत जा. वही वरच्या गठ्ठ्यावरच असू द्या, प्रत गेली की तारीख, पैसे आले की टिक, आणि वाचून कुणाचा फोन आला तर ते काय म्हणाले तेपण त्याच ओळीत.