गिअर बॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

इंजिनाचे ऑइल वेळच्या वेळी बदलणारी कितीतरी माणसे गिअर बॉक्समध्येही ऑइल असते हे विसरून जातात. पहिल्या खरखरीकडे कानाडोळा करता करता एक दिवस गिअर पडेनासा होतो आणि मग ‘गिअर बॉक्स उतरवावा लागेल’ हे वाक्य ऐकून हबकायची वेळ येते. माझ्या पाहण्यात गाडीवाल्यांचे नुकसान दोन प्रकारे होते: एक तर आतला दोष वाढेपर्यंत गाडी दामटली जाते, किंवा दोष बाहेर असताना चांगला गिअर बॉक्स खोलला जातो. दोन्हींचे मूळ एकच आहे. आवाज नेमका केव्हा येतो, क्लच दाबल्यावर की सोडल्यावर, गाडी उभी असताना की धावताना, याकडे कोणी लक्ष देत नाही.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी पाच मिनिटे स्वतः द्यावीत. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, इंजिन चालू ठेवून गिअर न्यूट्रलला घ्यावा आणि काचा खाली करून ऐकावे. क्लचवरून पाय काढलेला असताना घरघर येत असेल आणि क्लच दाबताच ती थांबत असेल, तर इनपुट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती गिअर बॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर दोष बहुधा रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा असतो. ते बदलण्यासाठी गिअर बॉक्स इंजिनापासून वेगळा करावा लागतो, पण तो खोलावा लागत नाही. उतरवणे आणि खोलणे ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांच्या मजुरीतही मोठा फरक असतो आणि बिल करण्याआधी हा फरक मिस्त्रींना स्पष्टपणे विचारून घेण्यात काहीही गैर नाही.

गिअर जड पडतो अशी तक्रार असेल, तर इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहावेत. इंजिन बंद असताना ते लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, याचा अर्थ क्लच पूर्ण सुटत नाही. अशा वेळी क्लच केबलचा ताण किंवा हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर त्यातील तेलाची गळती आणि अडकलेली हवा आधी तपासावी. इंजिन बंद असतानाही सगळेच गिअर जड लागत असतील, तर गिअर लिव्हरपासून खाली जाणाऱ्या केबल आणि त्यांचे सांधे पाहावेत. वळण घेताना चाकाजवळून येणारी कटकट सहसा ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) सीव्ही जॉइंटची, म्हणजे त्याच्या वळणाऱ्या सांध्याची असते. गिअर कोणताही असो, केवळ वेगाबरोबर वाढत जाणारी घोंघों ही पुष्कळदा चाकाच्या बेअरिंगची निघते. या दोन आवाजांपायी गिअर बॉक्सवर विनाकारण आळ येतो. चढावर इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) वाढतात पण गाडी वेग घेत नाही, ही क्लच प्लेट घसरत असल्याची खूण आहे आणि तिथेही गिअर बॉक्स निर्दोष असतो.

आता खऱ्या आतल्या दोषाकडे वळू. पटकन गिअर बदलताना एखाद्याच गिअरला ‘कर्र’ असा आवाज येतो आणि सावकाश बदलला तर येत नाही, हे त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजू लागल्याचे पहिले लक्षण आहे. बहुधा पितळेची असलेली ही रिंग दोन भागांचा वेग जुळवते. रिव्हर्सला मात्र हा निकष लावू नये, कारण बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला अशी रिंगच नसते. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबल्यावरही कर्र वाजत असेल तरच काळजी करावी. ॲक्सिलरेटर सोडताच गिअर आपोआप न्यूट्रलला सुटत असेल, तर मात्र एक दिवसही टाळू नये.

माझ्या स्वतःच्या गाडीला संभाजीनगरच्या ऐन डिसेंबरात, सकाळी पहिल्या दोन किलोमीटरपर्यंत, दुसऱ्या गिअरला अशी खरखर येऊ लागली. एका गॅरेजमध्ये लगेच गिअर बॉक्स खोलण्याचा सल्ला मिळाला. जुनी बिले चाळल्यावर ध्यानात आले की काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी त्यात जीएल-५ या दर्जाचे गिअर ऑइल भरले होते आणि माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये (माहिती-पुस्तिकेत) स्पष्टपणे जीएल-४ लिहिलेले होते. जीएल-५ हा आकडा मोठा म्हणून ते ऑइल अधिक चांगले, असा समज आपल्याकडे फार पसरला आहे. वास्तविक ते अवजड दाब सोसणाऱ्या डिफरेन्शियलसारख्या (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या) भागांसाठी असते, त्यात गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनांचे प्रमाण जास्त असते, ती पितळेला अपायकारक ठरू शकतात आणि रिंगला लागणारे घर्षणही कमी पडते. योग्य ऑइल भरल्यावर खरखर बरीच कमी झाली. पूर्ण गेली नाही, कारण झीज व्हायची तेवढी होऊन गेली होती. सत्तर-ऐंशी रुपये वाचवण्यासाठी किंवा दुकानात तेच शिल्लक आहे म्हणून कोणी दुसरा डबा पुढे केला, तर तो घेऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

बहुतेक छोट्या गाड्यांच्या मॅन्युअल (हाताने गिअर बदलायच्या) गिअर बॉक्समध्ये सुमारे दोन-अडीच लिटरच ऑइल मावते, त्यामुळे हे काम महागडे नाही. ते डोळ्यांसमोर करून घ्यावे. गाडी थोडी फिरवून आणलेली असावी, म्हणजे कोमट ऑइल पूर्ण निथळते. खालचा ड्रेन प्लग खोलण्याआधी वरचा भरायचा प्लग सुटतो की नाही हे पाहायला सांगावे. तो गंजून बसला असेल आणि खालून ऑइल आधीच सोडले असेल, तर गाडी तिथेच अडकते. ड्रेन प्लगला चुंबक असल्यास त्यावर जमलेला थर चिमटीत घेऊन चोळावा. बोटांना राखाडी, काजळीसारखी मऊ पेस्ट लागली तर ती नेहमीची झीज समजावी. टोचणारा, चमकणारा तुकडा हाताला लागला तर कुठला तरी दात किंवा बेअरिंग तुटले आहे. प्लगचा वॉशर नवा घालावा. नवे ऑइल, गाडी सपाटीवर असताना, भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत येईल इतकेच भरावे.

काढलेले ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. मराठवाड्यात पावसाळ्यात हे सर्रास घडते, कारण ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असतानाही गाडी घातली जाते आणि तापलेला गिअर बॉक्स एकदम थंड होताच ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या छिद्रातून) पाणी आत ओढतो. अशा प्रवासानंतर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नये. त्याच मोसमात काळ्या रानात, शेताच्या वाटेवर चाक रुतले की क्लच अर्धा धरून ॲक्सिलरेटर पिळला जातो. जळका वास येईपर्यंत क्लच प्लेटचे बरेच आयुष्य संपलेले असते. त्यापेक्षा चाकाखाली दगड किंवा तुऱ्हाट्या टाकून गाडी ढकलावी.

कन्नडचा घाट असो की मांजरसुंब्याचा, उतारावर डिझेल-पेट्रोल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रलवर सोडण्याची सवय मोडलीच पाहिजे; इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि वेगात पुन्हा गिअर टाकताना सिंक्रोनायझरला हिसका बसतो. चढावर वाहनांची रांग लागली असता एएमटी गाडी (जिचे क्लच आणि गिअर यंत्रणाच बदलते) ॲक्सिलरेटरवर तोलून धरणेही तितकेच घातक आहे. तिला क्लचचे पेडल नसते, पण क्लच प्लेट असतेच. तिथे ब्रेक किंवा हँडब्रेकच वापरावा. प्रवासभर हात गिअर लिव्हरवर आणि पाय क्लचवर टेकवून बसणे हेही शिफ्टर फोर्क (आत गिअर सरकवणारा काटा) आणि रिलीज बेअरिंग यांचे आयुष्य घटवते.

टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे क्लच प्लेटऐवजी द्रवातून शक्ती पोहोचवणाऱ्या, ऑटोमॅटिकमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअर बॉक्सचे खास तेल) असते आणि ठरावीक गिअर नसलेल्या सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिकला तिचे वेगळे द्रव लागते. ही दोन्ही कधीही एकमेकांत मिसळू नयेत. बऱ्याच एटीएफचा मूळ रंग लालसर असतो, तो तपकिरी होऊन करपट वास येऊ लागला तर ते लगेच दाखवावे. ‘आयुष्यभराचे ऑइल’ असे ऐकून निर्धास्त राहू नये; चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात घाट-वाहतूक करणाऱ्या गाडीसाठी मॅन्युअलमधील कठीण वापराची मुदतच धरावी. आणि समृद्धी महामार्गावर किंवा कुठेही ऑटोमॅटिक गाडी बंद पडली, तर गिअर बॉक्सने फिरणारी (बहुधा पुढची) चाके जमिनीवर ठेवून ती दोरीने ओढत नेऊ देऊ नये, कारण इंजिन बंद असताना गिअर बॉक्सचा पंप फिरत नाही आणि आतले भाग ऑइलवाचून घासतात. मदतीसाठी फोन करतानाच गाडी ऑटोमॅटिक असल्याचे सांगून चारही चाके वर घेणारे वाहन मागवावे.