मुलांच्या पार्टीत डीजे वाजवायचा असेल तर

ठाण्यात आणि नवी मुंबईत नव्या मोबाइल डीजेला पहिली कामं मिळतात ती बहुतेक वाढदिवसांची. घोडबंदर रोड किंवा खारघरच्या मोठ्या कॉम्प्लेक्समधले क्लबहाऊस शनिवार-रविवारी सहसा रिकामे नसतात. नवी मुलं ही कामं हलक्यात घेतात आणि लग्नाच्या संगीतची वाट बघत बसतात. मला हे पटत नाही. मोठी माणसं नाचायचं ठरवूनच आलेली असतात. मुलांना नाचवायचं, केक येईपर्यंत पुन्हा शांत करायचं आणि तेवढ्या वेळात कोणाच्या कानाला, डोळ्याला, पायाला काही होऊ द्यायचं नाही, हे कसब लग्नाच्या ऑर्डरमध्ये शिकायला मिळत नाही.

आधी आवाज. स्पीकर जमिनीवर ठेवला की त्याचं तोंड चार वर्षांच्या मुलाच्या थेट कानासमोर येतं. मोठ्यांच्या ते कमरेखाली असतं, त्यामुळे त्यांना आवाज बेताचाच वाटतो आणि कोणी काही बोलत नाही. म्हणून टॉप, म्हणजे वरचे मुख्य स्पीकर, नेहमी स्टँडवर, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या वर चढवा, तोंड किंचित खाली वळवा. बेसचा जड स्पीकर जमिनीवरच राहणार आणि मुलं त्याची धडधड हाताने बघायला येणारच, तेव्हा त्याच्यापुढे टेबल आडवं लावा. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा. पकडापकडी खेळणारं मूल स्टँड आहे की खांब हे बघत नाही.

आवाज किती, याचा अंदाज कानाने घेऊ नका. तासाभरात आपला कान सरावतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोबाइल-इअरफोनवर ऐकण्यासाठी मुलांना 75 डेसिबल, आठवड्याला 40 तास अशी मर्यादा सुचवली आहे. मोठ्यांसाठी ती 80 आहे. दर 3 डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मा होतो. याच हिशेबाने 90 डेसिबलला मुलाचा आख्ख्या आठवड्याचा वाटा सव्वा तासात संपतो, आणि पार्टी तीन तासांची असते. फोनमधलं डेसिबलचं अॅप तंतोतंत नसतं, पण नाचाच्या जागेवर गुडघे टेकून, मुलाच्या कानाच्या उंचीवर मोजलं की कुठे जास्त होतंय ते कळतं. मोकळ्या पोडियमवर, म्हणजे कॉम्प्लेक्समधल्या पार्किंगवरच्या उघड्या गच्चीवर, अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंती तो परत फेकतात, तिथे ही सूट धरू नका.

कायदाही माहीत हवा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही, आणि पोडियम म्हणजे उघडंच. परवानगी कोण काढणार हे बुकिंगच्या वेळीच यजमानांशी लिहून ठरवा. गाण्यांच्या लायसन्सचंही तसंच. लग्नसमारंभाला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, वाढदिवसाचा त्यात उल्लेख नाही. बँक्वेट हॉलवाले पीपीएल, आयपीआरएस या गाण्यांचं लायसन्स देणाऱ्या संस्थांचे कागद मागू शकतात.

लाइटबद्दल माझं मत कडक आहे. मुलांसमोर स्ट्रोब, म्हणजे भराभर लुकलुकणारा लाइट, लावायचा नाही. सेकंदाला 3 ते 30 वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही मुलांना फिट येऊ शकते, आणि आपल्या मुलाला अशी फिट येऊ शकते हे घरच्यांनाही तोवर माहीत नसतं. लेझरही नको, कारण मुलं थेट त्याच्या तोंडाकडे बघतात. 'पार' नावाचे साधे रंगीत लाइट सावकाश बदलत ठेवले तरी त्यांची मजा कमी होत नाही.

पॉवरचा एक मुद्दा फारसं कोणी सांगत नाही. जंपिंग कॅसलचा, म्हणजे मुलं उड्या मारतात त्या हवेच्या किल्ल्याचा, ब्लोअर आणि आपला सेटअप एकाच लाइनवर असेल आणि एमसीबी (लोड वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला, तर गाणं बंद पडतंच, शिवाय आत मुलं असताना कॅसल खाली बसायला लागतो. क्लबहाऊसच्या इलेक्ट्रिशियनला आधी गाठा, वेगळी लाइन आणि 16 अँपियरचा सॉकेट मागून घ्या. वायरी भिंतीकडेने न्या, वाटेत येणारी प्रत्येक वायर टेपने चिकटवा.

आता गाणी. पाचच्या आतल्या मुलांना तेच गाणं पुन्हा हवं असतं, पुन्हा लावा. दहा-बाराची मुलं मात्र 'डीजे दादा, हे लावा ना' म्हणत मोबाइल पुढे करतात. ते गाणं आधी हेडफोनवर ऐका, दारूचे किंवा अंगचटीचे शब्द असतील तर सरळ नाही म्हणा. ऐरोली, घणसोली, दिवाळे भागात आगरी-कोळी घरचा कार्यक्रम असला की कोळीगीतांची फाइल तयार हवीच. तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे एकदम उठतात, त्यासारखा आनंद नाही. केकच्या आधी दोन गाणी संथ घ्या, नाहीतर मेणबत्तीजवळ धक्काबुक्की होते.

संगीत खुर्ची लहानग्यांना खेळवू नका, बाद झालेलं मूल रडतं. 'स्टॅच्यू' बरा: गाणं थांबलं की थांबायचं, आणि हललेल्या मुलाला जवळ बोलावून पुढचा 'पॉज' त्याला दाबायला द्यायचा. कोणाच्या अंगकाठीवर, बोलण्यावर माइकवरून शेरा मारायचा नाही. कानावर हात ठेवून कोपऱ्यात गेलेलं मूल दिसलं तर त्याच्या आईकडे जाऊन विचारा, 'ताई, आवाज कमी करू का?' काही मुलांना फुगा फुटल्याचाही त्रास होतो. अशी मुलं आहेत का, हे बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्या. रील काढायचा असेल तर पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे चेहरे घेऊ नका.

सामान लगेच विकत घेऊ नका. दोन चॅनलचा साधा कंट्रोलर, म्हणजे गाणी मिसळायचं यंत्र, स्वतःचा ठेवा, टॉप-बेस भाड्याने आणा. त्याआधी काही महिने एखाद्या साउंडवाल्याकडे हेल्पर म्हणून राहा. छोटा हत्ती घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून काढायचा, गेट पास, सर्व्हिस लिफ्ट, सिक्युरिटीची वही हे सगळं उरकून मुलं येण्याआधी साउंड चेक संपलेला असला पाहिजे. एकदा मुलं आली की ती माइक मागतात आणि मग चेक होत नाही. निम्मे पैसे आगाऊ घ्या, उरलेले केक कापण्याआधी मागून घ्या. नंतर यजमान रिटर्न गिफ्टमध्ये अडकलेले असतात.