फोनचा पासवर्ड मागतील तेव्हा: परदेशी निघण्याआधीची तयारी

विमानतळावरच्या अधिकाऱ्यांना पासवर्ड द्यायला नकार देता येतो का, हे तुम्ही कुठे उतरताय त्यावर ठरतं. ब्रिटनमध्ये २००० च्या रिपा या तपास-अधिकारांच्या कायद्याची, पासवर्ड उघड करा असं सांगणारी कलम ४९ ची नोटीस मोडली तर दोन वर्षांपर्यंत कैद, राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रकरणात पाच. न्यूझीलंडमध्ये कस्टम्सला नकार दिला तर तिथल्या ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत व्हिसावाल्याला सरळ परतीच्या विमानात बसवू शकतात. अशा ठिकाणी पासवर्ड कितीही लांब असून भागत नाही. फोनमध्ये काय भरून नेताय तेवढंच हातात राहतं.

म्हणून निदान आठवडाभर आधी जुना फोन ड्रॉवरमधून काढा. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सेकंडहँड घेणार असाल तर आधी सेटिंग्जमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. दोन वर्षं जुनी असेल तर स्वस्त असला तरी सोडा. फोन रीसेट करून त्यात तिकीट, आय-२० (अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांचा फॉर्म), नकाशे, घरचे चार फोटो एवढंच ठेवा. अगदी कोराकरकरीत फोन उलट प्रश्न ओढवून घेतो. सोशल मीडियाची खाती नाकारू नका, अमेरिकी व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये ती तुम्हीच लिहून दिलेली असतात.

रोजचाच फोन न्यायचा असेल तर इथे हमखास घोळ होतो. आयक्लाउड फोटोज चालू असताना फोनमधले फोटो उडवले की ते घरच्या आयपॅडवरूनही जातात. आधी बॅकअप घ्या, तो दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा, मग फोन खात्यातून साइन आउट करून रीसेट करा. नुसतं डिलीट केलेलं ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये तीस दिवस पडून असतं. व्हॉट्सॲपच्या एनक्रिप्टेड बॅकअपची ६४ अंकी किल्ली आणि गूगलचे दहा बॅकअप कोड कागदावर उतरवून कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवा; लागलेच तर आई फोनवर वाचून दाखवेल. भारतातलं सिम मात्र रोमिंग चालू करून न्या, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो.

आता कुलूप. सहा अंकी पिनच्या शक्यता दहा लाख. आयफोन एका प्रयत्नाला साधारण ८० मिलीसेकंद घेतो. चुकीच्या पिननंतरची सक्तीची थांबणूक कोणी चुकवली तर सगळे पिन एका दिवसात तपासून होतात. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले सहा शब्द घ्या. अभंगाची ओळ नको, ती सगळ्यांना पाठ असते. लॅपटॉपवर शब्द मराठी असले तरी रोमन अक्षरांतच टाका. सुरू होतानाच्या कुलपाशी देवनागरी कीबोर्ड मिळेलच असं नाही. लॅपटॉप शटडाऊन करा. नुसतं झाकण मिटलं तर डेटा उघडणारी किल्ली मेमरीतच राहते. विंडोजवर बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते, तेही तपासा. हिंजवडीच्या कंपनीचा लॅपटॉप असेल तर न्यायचा की नाही, हे सिक्युरिटी टीमकडून मेलवर लेखी घ्या.

लोहगाव असो की मुंबई, बोर्डिंग पासची प्रिंट जवळ ठेवा आणि उतरून रांगेत लागण्याआधी फोन बंद करा. पुन्हा सुरू केल्यावर पहिल्यांदा पासकोड टाकेपर्यंत आतला बहुतेक डेटा कुलूपबंदच असतो, बोट किंवा चेहराही चालत नाही. वेळ नसेल तर निदान बोट-चेहरा बंद करा: आयफोनचं बाजूचं आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरा. अँड्रॉइडवर पॉवर मेनूत ‘लॉकडाऊन’ असतं. आपल्याकडेही बोटाला पासकोडइतकं संरक्षण नाही: बोटांचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच काथी कालू ओघड प्रकरणात म्हटलं. पासवर्डबाबत न्यायालयांची मतं अजून जुळलेली नाहीत.

काउंटरवर खोटं बोलू नका आणि तिथे उभं राहून काही पुसू नका, त्याचा वेगळाच गुन्हा होतो. अमेरिकेच्या सीमा अधिकाऱ्यांचा २०१८ चा स्वतःचाच नियम आहे की नेटवर्क बंद करून फक्त फोनमधलंच बघायचं. विमान मोड लावायला सौम्यपणे सुचवा. फोन ठेवून घेतला तर ६०५१-डी ही पावती मागून घ्या. नजरेआड गेलेला फोन घरच्या वायफायला जोडण्याआधी रीसेट करा, खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, आणि काउंटरवर सांगितलेला पासवर्ड पुन्हा कुठेच वापरू नका.