‘भारीच!’च्या पुढे काय बोलाल?
मित्राने हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या सूर्यास्ताचा फोटो दाखवला की आपण ‘भारीच!’ म्हणून मोकळे होतो. त्यातून त्याच्या हाती काहीच लागत नाही. आधी विचारा, ‘तुला यात काय दाखवायचं होतं?’ कड्याची खोली म्हणाला, तर मग नेमकं बोला: क्षितिज डावीकडे कललंय, आकाशाने अर्धी चौकट खाल्लीय आणि उजव्या कोपऱ्यातली ती निळी सॅक नजर ओढून घेतेय. सूर्याभोवतीचा भाग पांढराफटक पडला असेल, तर पुढच्या वेळी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) एका स्टॉपने, म्हणजे निम्म्यावर, कमी करायला सांगा; जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये, उडालेला तपशील नंतर परत येत नाही. आणि जे जमलंय, कड्याची ती आत वळलेली कमान समजा, तेही तितक्याच नेमकेपणाने सांगा. हे बरेच जण विसरतात.

आपल्या फोटोवर कुणी बोलत असेल, तेव्हा ‘तिथे वारा किती होता माहितीये?’ हे ओठांवर आलेलं गिळा. बघणाऱ्याला वारा दिसत नाही, फोटोच दिसतो. ऐका, लिहून ठेवा. दोन दिवसांनी तोच फोटो सुचवल्याप्रमाणे क्रॉप करा आणि मूळ फोटोच्या शेजारी ठेवून बघा. मला बऱ्याच सूचना तेव्हाच पटल्या आहेत.