छोट्या रीफ टाकीसाठी निरोगी सागरी जीव कसे निवडावेत

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी किंवा लातूर येथे घरी खाऱ्या पाण्याची रीफ टाकी (प्रवाळ व सागरी मासे एकत्र ठेवण्याची टाकी) ठेवणाऱ्यांकडे येणारे बहुतेक जीव मुंबईहून, कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केट परिसरातील दुकानांतून, थर्माकोलच्या खोक्यात बंद होऊन रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येतात. मुंबईत पोहोचण्यापूर्वीही त्यांनी समुद्र, पकडणारा, निर्यातदार आणि घाऊक व्यापारी असे टप्पे ओलांडलेले असतात. त्यामुळे मराठवाड्यातील खरेदीदाराने माशाच्या रंगापेक्षा त्याच्या थकव्याकडे अधिक लक्ष द्यावे. दुकानात कालच उतरलेला मासा कितीही देखणा असला तरी आज घेऊ नये. आगाऊ रक्कम द्यावी, तो किमान आठवडाभर तिथेच ठेवण्यास सांगावे आणि मगच पाहावा. या अटीला नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून न घेतलेलेच बरे.

पाहायचे म्हणजे सर्वप्रथम त्याला खाताना पाहायचे. विक्रेत्याला आपल्यासमोर खाद्य टाकायला सांगावे. मासा स्वतःहून पुढे येऊन घास गिळतो, की तोंडात घेऊन लगेच थुंकतो, यातील फरक दोन मिनिटांत स्पष्ट होतो. फोनवरून खरेदी करणार असाल, तर त्याच माशाला खाऊ घालतानाचा सलग, न कापलेला व्हिडिओ मागवावा. त्यानंतर मासा समोरून, म्हणजे त्याचे तोंड आपल्याकडे असताना पाहावा. डोक्यामागचा पाठीचा भाग भरलेला असावा. तिथे दोन्ही बाजूंना खाच पडली असेल किंवा पोट आत गेलेले असेल, तर तो बरेच दिवस उपाशी आहे आणि त्यातून सावरणे कठीण असते. कल्ल्यांची हालचाल त्याच टाकीतील त्याच जातीच्या इतर माशांशी ताडून पाहावी. एकाच बाजूचा कल्ला हलणे, पृष्ठभागाशी तोंड लावून श्वास घेणे किंवा पंपाच्या झोतात मुद्दाम उभे राहणे ही वाईट लक्षणे होत.

रोग ओळखण्यासाठी मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरावा. परांवर आणि अंगावर मिठाच्या कणांसारखे सुटे सुटे पांढरे ठिपके असल्यास तो क्रिप्टोकॅरिऑन परजीवी असण्याची शक्यता मोठी असते. त्याहून बारीक, सोनेरी धूळ पसरल्यासारखा थर दिसला, तर ते ॲमायलूडिनियम हे दुसरे परजीवी असू शकते व ते कितीतरी अधिक घातक असते, कारण ते आधी कल्ल्यांवर बसते आणि अंगावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. क्लाउनफिशच्या अंगावरून चिकट पांढरट साल सुटत असेल, तर ब्रुकलिनेला या परजीवीचा संशय घ्यावा. अशा टाकीतील एखादा मासा धडधाकट वाटला तरी त्या टाकीतून काहीच घेऊ नये. पाणी एकच असते.

विक्रेत्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. माशांच्या टाकीत तांब्याचे औषध चालू आहे का, हा पहिला प्रश्न. तांब्यामुळे परजीवी दबून राहतात आणि मासा तात्पुरता स्वच्छ दिसतो. शिवाय ते पाणी आपल्या टाकीत गेले, तर कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ मरू शकतात. पाण्याची विशिष्ट घनता, म्हणजे त्याचा खारेपणा दाखवणारा आकडा, किती ठेवली आहे, हा दुसरा. रीफ टाकीत ती साधारण १.०२५ असते, मात्र अनेक दुकानांत माशांसाठी ती १.०१८ ते १.०२० इतकी खाली ठेवलेली असते. हा आकडा घरी मासा सोडताना लागतो.

शंभर लिटरच्या टाकीत तीन-चार लहान माशांपलीकडे जाऊ नये. प्रजननातून वाढवलेली ओसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी ही सर्वांत शहाणपणाची सुरुवात आहे; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र भारतातच विकसित केले आहे, आणि असे मासे कोरड्या खाद्याला लहानपणापासून सरावलेले असतात. एखादा वॉचमन गोबी किंवा फायरफिशही चालतो, पण फायरफिश उडी मारतो, त्यामुळे जाळीचे झाकण हवेच. ब्लू टँग सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तर मँडरिन मासा जिवंत सूक्ष्म कोपेपॉडवर जगतो आणि लहान टाकीत बहुधा हळूहळू उपाशी मरतो. हे दोन्ही मासे निरोगी असले तरी आपल्यासाठी नाहीत.

प्रवाळांच्या बाबतीत कायदा आधी पाहावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार रीफ बांधणारी कठीण प्रवाळे, सी फॅन (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत. ‘सगळे विकतात’ हे उत्तर तिथे चालत नाही. समुद्रातून तोडलेल्या प्रवाळाचा खडकही टाळून कृत्रिम सिरॅमिक खडक वापरावा. मशरूम, झोअँथिड, लेदर अशा मऊ प्रकारांत तळाकडे पाहावे: तळ दगडाला घट्ट चिकटलेला असावा, त्यावर तपकिरी लाळ किंवा सडका वास नसावा. लेदर प्रवाळ अधूनमधून मेणासारखी कात टाकतो व काही दिवस मिटून राहतो. तो रोग नव्हे. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकते, म्हणून हातमोजे व चष्म्याशिवाय ते हाताळू नयेत आणि त्यांचा दगड कधीही उकळू नये. ॲनेमोन (फुलासारखा दिसणारा सागरी प्राणी) पांढराफटक पडलेला, तोंड उघडे टाकलेला किंवा पाय फाटलेला असेल, तर सोडून द्यावा. नव्या टाकीत पहिले वर्षभर तो न आणणेच योग्य.

गोगलगाय काचेवरून ओढताना विरोध करते का आणि उलटी ठेवल्यास हालचाल करते का, ते पाहावे. क्लीनर कोळंबीच्या लांब मिशा शाबूत व सतत हलत्या असाव्यात.

दहा-बारा तासांच्या प्रवासानंतर पिशवी उघडून तासन्‌तास थेंबथेंब पाणी सोडत बसण्याची पद्धत माशांसाठी धोक्याची ठरते. माशाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतील पाण्याचा पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया बव्हंशी कमी विषारी अमोनियमच्या रूपात राहतो. हवा लागताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून विलगीकरणाची टाकी (नवा मासा सुरुवातीला वेगळा ठेवण्याची) विक्रेत्याने सांगितलेल्या घनतेवर आधीच तयार ठेवावी, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवावे आणि मासा पिशवीचे पाणी न ओतता लगेच सोडावा. घनता पुढे काही दिवसांत हळूहळू वाढवावी. कोळंबी व गोगलगाई मात्र सावकाश थेंबपद्धतीनेच सोडाव्यात.

एप्रिल-मेमध्ये काहीही मागवू नये. चाळिशीपार उन्हात बसच्या डिकीतला खोका तापतो आणि घरीही वीज गेली की टाकी २६ अंशांवर टिकवणे अवघड जाते. परभणीकडील डिसेंबरच्या थंड रात्रीही तितक्याच वाईट. पावसाळ्याचा उत्तरार्ध त्यातल्या त्यात सोयीचा.

विलगीकरणासाठी चाळीस लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरेसा असतो. पाणी आरओचेच घ्यावे, बोअरचे नव्हे. किमान चार आठवडे मासा तिथे राहावा, आणि या टाकीची जाळी, नळी किंवा स्पंज मुख्य टाकीत कधीही बुडवू नये.