हठयोग, दंड-बैठका आणि घाटातलं पळणं एका आठवड्यात कसं बसवावं

आसनांमध्ये ढकलणं भरपूर आहे, ओढणं जवळजवळ नाही. चतुरंग दंडासन, अधोमुख श्वानासन, मयूरासन, कुठलंही घ्या, तळहात जमिनीला टेकलेले आणि जोर खाली. नेमाने सूर्यनमस्कार घालणाऱ्यांची छाती आणि दंड भरतात, पण पाठीच्या वरच्या भागाला तेवढं काम मिळत नाही. माझ्या सकाळच्या वर्गात रथसप्तमीला १०८ नमस्कार घालणाऱ्या बायका आहेत. त्यांनाच पाण्याचा वीस लिटरचा जार ओट्यावर चढवायला जड जातो. ताकद आहे, ती एकाच दिशेने कमावलेली आहे. म्हणून साताऱ्यात हठयोग शिकवताना मी त्याला दोन गोष्टींची जोड देते: आठवड्यातून दोनदा जोर, म्हणजे दंड, बैठका आणि ओढण्याचे व्यायाम, आणि दोनदा जवळच्या यवतेश्वरच्या घाटात पळणं.

सगळ्यात महत्त्वाचा आहे क्रम. जोर आधी, दीर्घ ताण नंतर. पश्चिमोत्तानासन दोन-तीन मिनिटं धरून लगेच वजन घेऊन बैठका मारायला गेलात, तर ताणलेल्या स्नायूची ताकद तेवढ्यापुरती कमी झालेली असते. व्यायामाआधी शरीर हलतं ठेवणारी आसनं करा: मार्जरासन, वीरभद्रासनात आत-बाहेर, चार-सहा संथ सूर्यनमस्कार. शेवटी जानुशीर्षासन, सुप्त पादांगुष्ठासन, मग शवासन. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा जो प्रसार केला, तो संपूर्ण व्यायाम म्हणूनच. औंध आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे मला त्या परंपरेचा फार अभिमान आहे. तरीही एका दिवशी नमस्कार एकतर अंग गरम करायला घाला, नाहीतर दमवायला. पन्नास नमस्कारांनंतर दंड मारायला गेलं की खांदे पडतात आणि पुढचा प्रत्येक दंड चुकीचा निघतो.

दंड कसा मारायचा ते नीट पाहू. तळहात खांद्याखाली, बोटं पसरलेली, तर्जनीचं मूळ जमिनीत दाबलेलं. ते सुटलं की सगळा भार मनगटाच्या बाहेरच्या कडेवर जातो. खाली येताना कोपरं बरगड्यांना घासून मागे गेली पाहिजेत, बाजूला पंखासारखी उघडायची नाहीत. खांदा कोपराच्या पातळीखाली उतरू देऊ नका. वर उठताना श्वास सोडा. असे पाच नीट जमले की आठ करा, मग दहा. बैठका पंधराच्या, टाच टेकवून, आणि जमायला लागल्या की छातीशी दहा किलो तांदळाची पिशवी धरून. हे झालं ढकलणं. ओढण्यासाठी मैदानातला सिंगल बार गाठा. सुरुवातीला नुसतं वीस सेकंद लटकायचं, पण खांदे कानांपासून खाली खेचून. मग स्टुलावरून वर चढून अगदी सावकाश खाली यायचं. बार कमरेएवढा असेल तर त्याखाली तिरकं होऊन छाती बारकडे ओढा. शेवटी दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन सरळ चाला. या सगळ्याच्या तीन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती.

इथे योग करणाऱ्यांची एक हमखास गल्लत होते. उड्डियान बंध श्वास पूर्ण बाहेर सोडून, पोट आत-वर ओढून करतात. वजन उचलताना पोट आत ओढायचं नसतं, कमरेभोवती चारही बाजूंनी घट्ट करायचं असतं. आणि भार हातात असताना कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नाही. रक्तदाब असलेल्यांनी हे विशेष सांभाळावं. हर्निया, गरोदरपण किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

घाटात मात्र प्राणायामाचा सराव थेट कामी येतो. चढाला नाकाने श्वास घेता येईल एवढाच वेग ठेवा. तोंड उघडावं लागलं की चालायला लागा, श्वास खाली बसला की पुन्हा पळा. पहिले काही आठवडे हा वेग लाजिरवाणा वाटतो, लोक पुढे निघून जातात, जाऊ द्या. दम अशाच संथ पळण्यातून तयार होतो. पळून आल्यावर भस्त्रिका-कपालभातीसारखे जोरात श्वासाचे प्रकार नकोत. भिंतीला पाय लावून पडा आणि उच्छ्वास श्वासाच्या दुप्पट लांबवा, पाच मिनिटं पुरे.

सोमवार-गुरुवार जोर, मंगळवार-शनिवार घाट, बुधवारी पूर्ण आसनं आणि प्राणायाम, शुक्रवारी अर्धा तास हलकी आसनं, रविवारी सुट्टी. मंगळवारी पाय भरून आलेले असतील तर पळू नका, चाला. भरलेल्या मांड्या हनुमानासनात (एक पाय पुढे, एक मागे पूर्ण पसरून) ओढून मोकळ्या करण्याचा हट्ट करू नका, दुखापत तिथेच होते. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत अत्याहाराच्या जोडीला अतिश्रमही सांगितले आहेत. सकाळी उठल्याउठल्या नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त लागले आणि झोपही नीट झालेली नसेल, तर त्या दिवशी फक्त शवासन आणि अनुलोम-विलोम.

ज्यांची कोपरं-गुडघे उलट्या बाजूला वाकतात, त्यांनी ताण कमी ठेवून जोरच वाढवावा. अशा मुलींचं आसन सुंदर दिसतं म्हणून वर्गात कौतुक होतं आणि त्या सांधे आणखी सैल करत जातात. त्यांना मी गुडघा किंचित वाकलेला ठेवूनच त्रिकोणासन करायला लावते.

पावसाळ्यात घाट निसरडा असतो आणि धुक्यात गाड्यांना आपण दिसत नाही. तेव्हा इमारतीचे जिने वापरा: वीस मिनिटं, नाकानेच श्वास, उतरताना कठड्याला हात.